वाळूवरचे अंदाज

गोव्यात घोड्यांचे रेसकोर्स नाही. आपल्याकडे पैज लागते ती मटक्याच्या आकड्यावर, मांडवीतल्या कॅसिनोत, आणि बंदी असूनही अधूनमधून धिरयोतल्या बैलांवर. तेव्हा इंग्लंडातल्या हिवाळी शर्यतींवर मी लिहायला बसलो आहे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मला पहिल्यापासून कुतूहल आहे ते भविष्य सांगण्याचे. पंचांगातला पाऊस, वर्तमानपत्रातले राशिभविष्य, देवळातला कौल, स्वप्नात दिसलेल्या सापावरून काढलेला मटक्याचा आकडा, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. शर्यतीचे पूर्वपरीक्षण, म्हणजे उद्या कोणता घोडा जिंकेल याचा आदल्या दिवशी छापलेला अंदाज, हाही त्याच कुळातला. फरक इतकाच की तो कारणे देतो, आणि चोवीस तासांत खरा-खोटा ठरतो. मी स्वतः घोड्यावर पैसे लावत नाही, पण ही परीक्षणे आवडीने वाचतो. त्यातही ज्यांना तिकडे ‘ऑल-वेदर’ म्हणतात त्या शर्यतींची. का, ते सांगण्यासाठी बरेच मागे जायला हवे.

इंग्लंडात शर्यतींच्या निकालांची वार्षिक यादी छापायला सुरुवात केली ती जॉन चेनी याने, १७२७ साली. म्हणजे चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्याच्या बारा वर्षे आधी. पुढे १७७३ पासून जेम्स वेदरबी याचे ‘रेसिंग कॅलेंडर’ निघू लागले. दिसायला ही नुसती जंत्री, पण अंदाजाचा सगळा इतिहास या जंत्रीतून सुरू होतो. कोणता घोडा कुठे, कोणाविरुद्ध, किती वजन घेऊन धावला हे एकदा कागदावर आले की आठवणीवर आणि तबेल्यातल्या कुजबुजीवर विसंबायचे कारण उरत नाही. लंडनमध्ये बसलेला माणूस यॉर्कच्या घोड्याविषयी मत बनवू शकतो.

या कागदांना गणिताची शिस्त लावली ती ॲडमिरल हेन्री रूस (१७९५–१८७७) या निवृत्त दर्यावर्दी अधिकाऱ्याने. शर्यतीत बलवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचे आणि दुबळ्याच्या पाठीवर कमी, म्हणजे कागदावर सगळे एकदम पोचायला हवेत, या पद्धतीला हँडिकॅप म्हणतात. किती वयाच्या घोड्याला किती वजन याचे कोष्टक रूस यांनी बसवले. १८५१ च्या मे महिन्यात यॉर्कला ‘फ्लाइंग डचमन’ आणि ‘व्होल्टिजर’ या दोन नामांकित घोड्यांची दोन मैलांची जंगी लढत झाली, तेव्हा वजने ठरवायला रूसनाच बोलावले होते. पाच वर्षांच्या डचमनच्या पाठीवर त्यांनी चार वर्षांच्या व्होल्टिजरपेक्षा साडेआठ पौंड जास्त ठेवले. डचमन साधारण एका घोड्याच्या लांबीने जिंकला. दोन मैल धावून इतके थोडे अंतर! ज्याचा अंदाज इतका जवळ जातो, त्याच्या धंद्याला लोक मान देणारच.

विसाव्या शतकात हे काम फिल बुल नावाच्या यॉर्कशायरच्या माणसाने पुढे नेले. बुल गणिताचे पदवीधर, लंडनमधल्या शाळांत शिक्षक. घोडा कितवा आला यापेक्षा त्याने अंतर किती वेळात कापले, त्या दिवशी जमीन किती जड होती, हे धरून प्रत्येक घोड्याला एक आकडा देता येईल, असे त्यांनी दाखवले. आधी टोपणनावाने ते हे आकडे टपालाने विकत. १९४८ मध्ये त्यांनी ‘टाइमफॉर्म’ सुरू केले. प्रत्येक घोड्याचे मोल पौंडांत सांगणारा आकडा आणि त्यापुढे चार ओळींचे शेलके वर्णन, हा साचा तिथेच घडला. बेभरवशाच्या घोड्याच्या आकड्याशेजारी टाइमफॉर्म एक वेडीवाकडी खूण छापते. माणसांच्या नावापुढेही अशी खूण छापायची सोय हवी होती, असे मला कधी कधी वाटते. असो. फिल बुल १९८९ च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षी इंग्लंडात अंदाजवाल्यांपुढे एक नवेच मैदान उघडले.

त्यामागे बेटिंग शॉपची भूक होती. १९६१ च्या मे महिन्यापर्यंत ब्रिटनमध्ये रेसकोर्सबाहेर रोख पैशाने पैज लावणे बेकायदा होते. बुकीची माणसे गल्लीत आणि दारूच्या गुत्त्यात चिठ्ठ्या गोळा करत. आपल्याकडच्या मटका घेणाऱ्याला पाहिलेल्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. कायदा बदलला आणि ही सगळी उलाढाल दुकानांत आली. तिच्यावर बुकींकडून वसूल होणाऱ्या आकारणीवर, जिला ‘लेव्ही’ म्हणतात, शर्यतींची बक्षिसे चालू लागली. १९८७ पासून उपग्रहावरून शर्यतींचे चित्रण थेट दुकानांत दिसू लागले. पण हिवाळ्यात दाखवायचे काय? सपाट मैदानावरच्या गवती शर्यती नोव्हेंबरात संपत त्या मार्चपर्यंत. मधल्या काळात कुंपणांवरून उड्या मारायच्या शर्यती असत, आणि जमीन गोठली किंवा पाणी साचले की त्याही रद्द. कडक थंडीत ओळीने कित्येक दिवस रेसिंग बंद राही. दुकान उघडे, पडदा चालू, गिऱ्हाईक आलेले, आणि धावायला घोडे नाहीत.

उपाय म्हणून वाळूचे ट्रॅक आले. ३० ऑक्टोबर १९८९ रोजी लंडनच्या दक्षिणेला लिंगफील्ड येथे पहिली ऑल-वेदर शर्यत झाली. काही दिवसांतच नॉटिंगहॅमशायरमध्ये साउथवेल सुरू झाले. लिंगफील्डच्या वाळूला तेलकट लेप होता, साउथवेलच्या वाळूत कृत्रिम धागे मिसळलेले होते. पाऊस झाला तरी पाणी खाली झिरपावे आणि थंडीत थर गोठून दगड होऊ नये, एवढाच हेतू. १९९३ मध्ये बेटिंग शॉपना संध्याकाळी उघडे राहण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला बर्मिंगहॅमजवळचे वुल्व्हरहॅम्प्टन प्रकाशझोतांसह सुरू झाले. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की घोडे रात्री का धावू लागले ते कळते.

शौकिनांनी या शर्यतींना नाके मुरडली. घोडे हलक्या दर्जाचे, प्रेक्षक मूठभर, बक्षिसे किरकोळ. पण परीक्षण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. गवताच्या मैदानाची जमीन दर आठवड्याला वेगळी असते. सोमवारी कडक, गुरुवारी चिखल. मागच्या महिन्यात घोडा हरला तो जमिनीमुळे की स्वतःच्या कुवतीमुळे, हे सांगणे अवघड. वाळूवर हा गोंधळ बराच कमी होतो. जमिनीचा शेरा बहुतेक वेळा एकच, ‘स्टँडर्ड’. ट्रॅक मोजके, आणि तेच तेच घोडे हिवाळाभर आठ-दहा वेळा एकमेकांशी भिडतात. ज्याला फिल बुल यांच्यासारखे घड्याळ आणि वहीवर काम करायचे आहे, त्याला यासारखी प्रयोगशाळा नाही.

एक काल्पनिक शर्यत घेऊ. वुल्व्हरहॅम्प्टन, जानेवारीतली संध्याकाळ, साधारण एक मैल, सहाव्या वर्गाचे हँडिकॅप, म्हणजे शिडीच्या जवळजवळ तळातले दहा घोडे. परीक्षण लिहिणारा पहिल्यांदा पाहतो ते वाळूवरचे रेटिंग. घोड्याचे गवतावरचे आणि वाळूवरचे रेटिंग वेगवेगळे असू शकते, आणि गवतावर रमणारा घोडा वाळूवर पार निस्तेज होऊ शकतो. रेटिंगचा एक अंक म्हणजे पाठीवर एक पौंड वजन. मैलाच्या शर्यतीत एका घोड्याच्या लांबीला ढोबळमानाने दोन पौंड धरतात. म्हणजे गेल्या खेपेला तीन लांबींनी मागे राहिलेला घोडा या वेळी तुलनेने सहा पौंड हलका धावत असेल, तर कागदावर दोघे बरोबरीत. शिकाऊ जॉकी असेल तर अनुभवानुसार आणखी तीन, पाच किंवा सात पौंडांची सूट.

मग सुटायची जागा. या ट्रॅकची वळणे आवळ आहेत, आणि बाहेरच्या स्टॉलमधून सुटलेल्या घोड्याला वळणावर जास्त अंतर धावावे लागते. मग वेग. दहांपैकी पुढे राहून पळणारे किती? एकच असेल तर तो आरामात पुढे जाऊन सावकाश चाल ठेवील आणि शेवटी निसटेल. चार असतील तर ते एकमेकांना दमवतील आणि मागून येणाऱ्याचे फावेल. मग तबेला. घोडा किती दिवसांनी उतरतो आहे, ट्रेनरचे इतर घोडे सध्या कसे धावत आहेत. हे सगळे मांडून परीक्षणकार शेवटी एक नाव लिहितो आणि त्याखाली ‘धोका’ म्हणून दुसरे. जेमतेम दहा ओळींचा मजकूर, पण चांगल्या लिहिणाऱ्याची प्रत्येक ओळ एका पुराव्यावर उभी असते. मराठी समीक्षेत इतकी काटकसर मला क्वचित भेटते.

प्रत्येक ट्रॅकचा स्वभावही निराळा. साउथवेलच्या जुन्या खोल वाळूत पुढच्या घोड्याच्या टापांनी उडणारी वाळू मागच्यांच्या तोंडावर येई. ती सहन न होणारे घोडे मान टाकत, आणि पुढे पळणाऱ्यांचे साधे. नव्वदच्या दशकात ‘टेम्परिंग’ नावाचा घोडा साउथवेलवर पुन्हा पुन्हा जिंकत गेला. लंडनजवळचे केम्प्टन २००६ मध्ये वाळूवर आले. ब्रिटनमधल्या सहा ऑल-वेदर ट्रॅकपैकी उजवीकडे वळणारा तो एकच. एसेक्समधले ग्रेट लीज २००८ मध्ये उघडून २००९ च्या जानेवारीत बंद पडले आणि २०१५ मध्ये चेम्सफर्ड सिटी या नावाने पुन्हा सुरू झाले. न्यूकॅसलला २०१६ पासून वाळूवर सरळ एक मैल धावता येते, वळणच नाही.

आता यातली गंमत अशी की हे ज्ञान टिकाऊ नाही. वुल्व्हरहॅम्प्टनने आपला थर २००४ मध्ये बदलला आणि २०१४ मध्ये पुन्हा बदलला. आधी धाग्यांची वाळू, मग मेणाचा लेप दिलेले ‘पॉलिट्रॅक’, मग ‘टपेटा’. टपेटा हे मायकेल डिकिन्सन यांचे काम. १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे त्यांच्याच तबेल्याचे होते. ट्रेनर म्हणून एवढे नाव मिळवलेला माणूस पुढे जमिनीच्या थराच्या मागे लागला. साउथवेलनेही २०२१ च्या डिसेंबरात टपेटा घातला, आणि बत्तीस वर्षांच्या वह्यांतले तिथले आडाखे एका दिवसात रद्दी झाले. कुळागरातली बाग कापून नवी लावावी तसे परीक्षणकारांना पहिल्यापासून मांडावे लागले.

घोड्यांनीही या प्रयोगशाळेची किंमत मोजली आहे. सुरुवातीच्या वर्षांत या वाळूवर अडथळ्यांच्या शर्यतीही घेत. त्यांत इतके घोडे दगावले की १९९४ मध्ये तो प्रकार बंद करावा लागला. परीक्षण कितीही हुशारीचे असले तरी त्यातले ‘धावणारे’ हे हाडामांसाचे जीव आहेत, ही आठवण मला या प्रकरणाने करून दिली. धिरयोच्या वादात आपल्याकडे जो प्रश्न निघतो तोच हा. करमणूक आपली, जीव जनावराचा. सपाट शर्यतींत मात्र मेणाच्या वाळूची बाजू बरी ठरली. अमेरिकेतल्या नोंदींत साध्या मातीच्या ट्रॅकपेक्षा अशा कृत्रिम थरावर जीवघेणे अपघात कमी आढळले. तरीही तिथल्या काही मोठ्या ट्रॅकनी कृत्रिम थर काढून पुन्हा माती आणली. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताने तर तीनच वर्षांत, २०१० मध्ये.

हलका दर्जाही कायम राहिला नाही. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ऑल-वेदर अजिंक्यपदाची मालिका सुरू झाली आणि तिचा शेवटचा दिवस १८ एप्रिल २०१४ ला लिंगफील्डवर झाला. तो गुड फ्रायडे होता. तोपर्यंत ब्रिटनमध्ये त्या दिवशी शर्यती होत नसत. आपल्याकडे त्या दिवशी गावागावांत जी शांतता असते ती आठवली म्हणजे तिकडे केवढी जुनी रीत मोडली ते ध्यानात येईल. २०१६ च्या नोव्हेंबरात न्यूकॅसलच्या वाळूवर एक दोन वर्षांची घोडी पहिल्यांदाच धावली आणि जिंकली. तिचे नाव ‘एनेबल’. पुढल्या वर्षी तिने इंग्लंडची ओक्स आणि फ्रान्सची आर्क जिंकली आणि २०१८ मध्ये आर्क पुन्हा जिंकली. दुसऱ्या आर्कआधीची तिची तयारीची शर्यतही केम्प्टनच्या वाळूवरच झाली होती.

आता मुख्य प्रश्न. एवढा अभ्यास करणारा माणूस पैसे कमावतो का?

जिंकणारा घोडा ओळखणे आणि पैसे मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. लोकांनी सर्वांत जास्त पसंत केलेला घोडा, म्हणजे फेव्हरिट, साधारणपणे तीनांपैकी एक शर्यत जिंकतो. त्यावर दोनास तीन असा भाव असेल, म्हणजे दोन पौंड लावले तर तीन पौंड नफा, तर तीन शर्यतींत एकेक पौंड लावणारा तीन पौंड देतो आणि जिंकलेल्या एका शर्यतीत अडीच पौंड परत घेतो. अर्धा पौंड गेला, आणि तरी तो म्हणणार की मी घोडा बरोबर ओळखला होता! बुकीचा कसबही पाहा. सारख्या ताकदीचे दोनच घोडे असतील तर तो दोघांवरही पाच पौंडांना चार पौंड नफा असा भाव लावतो. दोन्हींवर पाच-पाच लावा, दहा देऊन नऊ परत येतात. घोडा कोणताही जिंको, एक पौंड दुकानाचा. २००१ च्या ऑक्टोबरात कर उठेपर्यंत दुकाने गिऱ्हाइकाकडून वर ९ टक्के कापून घेत, ते वेगळेच.

१९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शर्यतींचे भाव तपासले. लोक फेव्हरिटला थोडे कमी लेखतात आणि दूरच्या घोड्याला फार जास्त, असे त्याला आढळले. शंभराला एक देणाऱ्या घोड्यावरची आशा ही महाग विकली जाते. मटक्यातही आपण आशाच विकत घेतो, फक्त तिथे अभ्यासाला जागाच नाही. बिल बेंटर या गणितज्ञाने हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाने खरेच मोठी कमाई केली. पण १९९४ साली आपल्या पद्धतीवर लिहिताना त्याने दाखवले की नुसते स्वतःचे अंदाज पुरत नाहीत. ते लोकांनी ठरवलेल्या भावाशी जोडावे लागतात. थोडक्यात, गर्दीला आपल्यापेक्षा काही जास्त कळते हे कबूल केल्यावरच तो गर्दीच्या पुढे गेला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या जानेवारीत, मद्रासच्या रेस क्लबच्या खटल्यात, घोड्यांच्या शर्यतीवरची पैज हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतीही याच तत्त्वाच्या आधाराने जुगाराच्या व्याख्येबाहेर राहतात. निर्णय मला पटतो, कारण वर सांगितलेले सगळे कौशल्यच आहे. पण ते कौशल्य दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाकडे असते असे मात्र त्यातून निघत नाही. स्विंडनला आणि साउथॉलला आपले कितीतरी गोंयकार कारखान्यांत आणि गोदामांत राबतात. पाळी संपवून परतताना त्यांच्या वाटेवर ही दुकाने उघडी असतात, आणि आत पडद्यावर वुल्व्हरहॅम्प्टनचे घोडे धावत असतात. त्यांच्यासाठीच, म्हणजे दिवसभराच्या कामानंतर खिशात थोडे पैसे असलेल्या माणसासाठीच, तो ट्रॅक रात्री उजळलेला आहे. हवामानाची अनिश्चितता काढून टाकली ती अभ्यासकाची सोय व्हावी म्हणून नव्हे. दुकानाचा एकही दिवस वाया जाऊ नये म्हणून. अभ्यासकाचे त्यात भले झाले तो योगायोग.

तरीही या परीक्षणांविषयी मला आदर आहे, आणि तो एका तक्त्यामुळे. ब्रिटिश रेसिंगच्या वर्तमानपत्रांत प्रत्येक अंदाजवाल्याची रोजची सर्वांत खात्रीची निवड छापतात, तिला ‘नॅप’ म्हणतात. प्रत्येक नॅपवर एकेक पौंड लावला असता तर हंगामात कोणाचा किती नफा-तोटा झाला, त्याचा तक्ता नावानिशी छापला जातो. तोटा असला तरी छापतात. आपल्या वर्तमानपत्रांतल्या राशिभविष्याखाली, शेअरबाजाराच्या सल्ल्याखाली, निवडणुकीच्या भाकितांखाली असा तक्ता कोणी छापत असेल तर मला जरूर कळवा. मी तो कापून ठेवीन.